गिऱ्हाईक, पत आणि कंत्राट: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योगांचं अर्थकारण

मे 2020 मध्ये मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली दबून मेला. पुढच्या काही आठवड्यांत अमेरिकेत एक जुनी हाक नव्याने ऐकू आली: कृष्णवर्णीयांच्या दुकानातून खरेदी करा. शहराशहरांतल्या दुकानांच्या याद्या फिरू लागल्या. ऑरोरा जेम्स या उद्योजिकेने मोठ्या दुकानसाखळ्यांना आवाहन केलं की तुमच्या फळ्यांवरचा 15 टक्के माल कृष्णवर्णीय उत्पादकांचा असू द्या, कारण लोकसंख्येतला त्यांचा वाटा साधारण तेवढाच आहे. सौंदर्यप्रसाधनं विकणारी सेफोरा ही साखळी सर्वांत आधी तयार झाली.

हे वाचून मनात प्रश्न येतोच: दुकानदाराचा वंश बघून का खरेदी करायची? माल चांगला असेल, भाव रास्त असेल, तिथून घ्यावं. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तितकंच सरळ उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की धंद्याला तीन गोष्टी लागतात: गिऱ्हाईक, पत आणि कंत्राट. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बाबतीत या तिन्ही वाटा शंभर वर्षांहून अधिक काळ अडवल्या गेल्या. कायद्याने, बँकांनी, कधी जाळपोळ करून, कधी बुलडोझर लावून. खरेदीच्या आवाहनाने त्यातली फक्त पहिली वाट थोडी मोकळी होते. उरलेल्या दोन बंदच राहिल्या, तर पहिलीतून आलेला पैसाही टिकत नाही.

आधी आजची स्थिती. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती, म्हणजे सगळी कुटुंबं गरिबाकडून श्रीमंताकडे ओळीत लावली तर बरोबर मध्ये येणाऱ्या कुटुंबाची संपत्ती, 2 लाख 85 हजार डॉलर होती. कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे 45 हजार. सहापटीहून जास्त फरक. धंदा काढणारा माणूस पहिला पैसा बँकेतून आणत नाही. तो घरच्या बचतीतून, वडिलांच्या मदतीतून किंवा राहतं घर तारण ठेवून उभा करतो. ज्याच्याकडे घर नाही, किंवा आहे पण त्याची किंमत कमी धरली जाते, त्याचा धंदा लहानच सुरू होतो आणि पहिल्या मंदीत बुडतो. म्हणूनच कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या बहुतेक व्यवसायांत मालक सोडून दुसरा पगारी माणूस नसतो. पगारी माणसं ठेवणाऱ्या कंपन्यांमध्ये त्यांचा वाटा 3 टक्क्यांच्या आसपास आहे.

हे कसं घडलं ते समजून घ्यायला व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड या एका शहराचा इतिहास पुरेसा आहे. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेची ती राजधानी होती आणि त्याआधी माणसांच्या खरेदी-विक्रीची मोठी बाजारपेठ. 1865 मध्ये युद्ध संपलं. त्याच वर्षी मार्चमध्ये, हत्येच्या काही आठवडे आधी, अब्राहम लिंकन यांनी मुक्त झालेल्या लोकांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या सनदेवर सही केली होती. रिचमंडलाही तिची शाखा निघाली. काल-परवापर्यंत स्वतःच विकले जाणारे लोक आता स्वतःच्या नावावर पैसे ठेवू लागले. सैनिकांचे पगार, धोबिणींची कमाई, शेतमजुरी, सगळं तिथे जमा होऊ लागलं. सुरुवातीला हा पैसा सरकारी रोख्यांतच गुंतवायचा असा नियम होता. 1870 मध्ये तो सैल केला गेला. बँकेच्या गोऱ्या विश्वस्तांनी ओळखीच्या सट्टेबाज मंडळींना कर्जं वाटली, 1873 ची मंदी आली आणि 1874 मध्ये बँक बुडाली. शेवटच्या काही महिन्यांत फ्रेडरिक डग्लस या, स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय नेत्याला अध्यक्ष करण्यात आलं. त्यांनी पदरचे 10 हजार डॉलर घातले, पण तोवर फार उशीर झाला होता. 61 हजारांहून अधिक खातेदारांचे मिळून जवळपास 30 लाख डॉलर अडकले. काहींना पुढे थोडेबहुत मिळाले, अनेकांना काहीच नाही. बँकेवरचा विश्वास उडाला, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या परत आला नाही.

या पार्श्वभूमीवर रिचमंडच्याच मॅगी लीना वॉकर यांचं काम वाचलं की माझा ऊर भरून येतो. त्यांची आई पूर्वी गुलाम होती. सावत्र वडिलांच्या मागे ती लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची आणि लहानगी मॅगी धुतलेल्या कपड्यांच्या टोपल्या गोऱ्यांच्या घरी पोचवायची. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली, आणि लग्न झालं म्हणून ती नोकरी सोडावी लागली. 1899 मध्ये तिच्याकडे इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक या संस्थेचा कारभार आला. ही परस्पर-मदत संस्था होती: सभासदांनी थोडी थोडी वर्गणी भरायची आणि आजारपणात किंवा मयताच्या वेळी संस्थेने पैसे द्यायचे. आपल्याकडची भिशी आणि विमा एकत्र केले तर जे होईल तसं काहीसं. कारभार हाती आला तेव्हा तिजोरीत 31 डॉलरच्या आसपास शिल्लक होती.

1901 च्या अधिवेशनात वॉकर यांनी सभासदांपुढे योजना ठेवली: आपला पैसा एकत्र आणू, आपणच तो कर्जाऊ देऊ आणि त्याचा लाभही आपणच घेऊ. वर्तमानपत्र हवं, बँक हवी, दुकान हवं. 1902 मध्ये वर्तमानपत्र निघालं. 2 नोव्हेंबर 1903 रोजी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली आणि पहिल्याच दिवशी 9 हजार डॉलरहून अधिक जमा झाले. कुणी शंभर डॉलर ठेवले, कुणी 31 सेंट. बँक काढून तिची अध्यक्ष होणारी ती अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मुलांना पैसे साठवायला पुठ्ठ्याचे छोटे डबे दिले जात आणि एक डॉलर जमला की त्यांचं खातं उघडलं जाई. कामाला बहुतेक बायकाच होत्या. ज्या शहरात कृष्णवर्णीय स्त्रीला धुणीभांडी किंवा तंबाखूच्या कारखान्यातली मजुरी यापलीकडे काम मिळत नव्हतं, तिथे बँकेत टेबलाशी बसून हिशेब लिहिणाऱ्या तरुणी दिसू लागल्या. 1920 पर्यंत या बँकेच्या कर्जातून सुमारे 600 घरं विकत घेतली गेली.

आता दुकान. 1905 मध्ये संस्थेने ब्रॉड स्ट्रीटवर, गोऱ्या व्यापाऱ्यांच्या मुख्य पेठेत, सेंट ल्यूक एम्पोरियम नावाचं मोठं दुकान काढलं. कृष्णवर्णीय बाईला इतर दुकानांत कपडे अंगाला लावूनही बघू देत नसत. इथे तिचं स्वागत होतं. दुकान उघडू नये म्हणून आधी पैसे देऊ केले गेले. ते नाकारल्यावर गोऱ्या दुकानदारांनी संघटना केली आणि रिचमंडपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या घाऊक व्यापाऱ्यांना सांगितलं की यांना माल द्याल तर आमचं गिऱ्हाईक गमवाल. त्यातच अनेक कृष्णवर्णीय ग्राहक स्वस्त पडतं म्हणून जुन्याच दुकानांत जात राहिले. 1911 च्या अखेरीस एम्पोरियम बंद पडायच्या वाटेला लागलं. वॉकर आपल्या लोकांना भाषणांतून पोटतिडकीने सांगत होत्या, रागवत होत्या. पण ज्या बाईला आठवड्याचे मोजके पैसे मिळतात, तिने चार पैसे जास्त मोजून कापड घ्यावं ही अपेक्षा किती दिवस तग धरणार? तिला दोष देता येत नाही. घाऊक मालाची वाट बंद करणाऱ्यांकडे बघायला हवं.

बँकेची अडचण याहून खोल होती, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बँक पैसा वाढवते कसा? समजा शंभर डॉलर ठेव आली. बँक त्यातले नव्वद कर्जाऊ देते. कर्जदार त्या नव्वदमध्ये घर घेतो, विकणारा ते पैसे बँकेत ठेवतो, त्यातून पुन्हा कर्ज दिलं जातं. असं चक्र फिरलं की वस्तीत पैसा वाढतो. आता हेच वंशभेदाच्या शहरात घडवून बघा. कृष्णवर्णीय बँकेने कृष्णवर्णीय कुटुंबाला घरासाठी कर्ज दिलं. विकणारा गोरा. त्याने पैसे गोऱ्यांच्या बँकेत ठेवले. चक्र पहिल्याच फेरीत तुटलं. पैसा बाहेर गेला, कर्जाची जोखीम आत उरली. शिवाय वस्तीत कृष्णवर्णीय आले की गोरे निघून जात आणि घरांच्या किमती पडत, त्यामुळे तारणाचं मोल घटे. ठेवीदारही गरीब. थोडे पैसे ठेवणार आणि अडचण आली की लगेच काढणार, म्हणून बँकेला जास्त रोकड हाताशी ठेवावी लागे आणि कर्ज कमी देता येई. कारभार कितीही चोख असो, या गणितात बँक मोठी होणं फार कठीण. वॉकर यांची बँक 1930 च्या सुमारास शहरातल्या आणखी दोन बँकांशी एकत्र होऊन महामंदीतून तरली, हे म्हणूनच विलक्षण आहे. त्या काळात देशभरात निघालेल्या शंभराहून अधिक कृष्णवर्णीय बँकांपैकी बहुतेक बुडाल्या.

समाजमाध्यमांवर एक आकडा नेहमी फिरतो, की डॉलर कृष्णवर्णीय वस्तीत फक्त सहा तास टिकतो. तो वापरू नये. त्यामागचा मूळ अभ्यास कुणाला दाखवता आलेला नाही. पैसा वस्तीबाहेर का जातो याचं उत्तर वर दिलेल्या चक्रात आहे. लोकांना आपल्या माणसांची किंमत नाही असं मानून त्यांनाच गुन्हेगार ठरवण्याची गरज नाही.

त्यानंतर सरकार आलं. 1930 च्या दशकात गृहकर्जाच्या सरकारी नकाशांवर देशभरच्या कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगवल्या गेल्या: इथे कर्ज देणं धोक्याचं. रिचमंडची जॅक्सन वॉर्ड ही वस्ती लाल रंगात होती. दुकानं, विमा कंपन्या, नाट्यगृह, डॉक्टर-वकिलांची कार्यालयं असलेली, लोक दक्षिणेचं हार्लेम (न्यूयॉर्कमधली प्रसिद्ध कृष्णवर्णीय वस्ती) म्हणत ती हीच. सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जं ज्या दशकांत गोऱ्या मध्यमवर्गाला उभं करत होती, त्याच दशकांत ती इथे मिळत नव्हती. मग 1950 च्या दशकात रिचमंड-पीटर्सबर्ग महामार्ग आखला गेला. शहराच्या मतदारांनी असा रस्ता मतदानात नाकारला होता. राज्य विधिमंडळाने वेगळं प्राधिकरण नेमून तो पुढे रेटला आणि 1958 मध्ये महामार्ग जॅक्सन वॉर्डच्या मधोमध खणून सुरू झाला. हजारांच्या आसपास घरं पाडली गेली. घरं गेली म्हणजे गिऱ्हाईक गेलं, गिऱ्हाईक गेलं म्हणजे दुकानं गेली. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातल्या ग्रीनवूड या कृष्णवर्णीयांच्या पेठेची कहाणी आता बरीच माहीत झाली आहे. 1921 मध्ये गोऱ्या जमावाने ती पेठ दोन दिवसांत जाळली आणि विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. पण टल्साच्या लोकांनी ग्रीनवूड पुन्हा बांधलं होतं. त्या पेठेचाही नंतर महामार्गाने आणि शहर-सुधारणेच्या योजनांनी घास घेतला. जाळपोळीची आठवण निघते, बुलडोझरची फारशी निघत नाही.

आता तिसरी वाट, कंत्राट. नागरी हक्कांच्या लढ्यानंतर 1969 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी वेगळं कार्यालय उघडलं, आणि सरकारी खरेदीतला काही भाग वंचित गटांतल्या छोट्या कंपन्यांसाठी राखण्याची पद्धत रुळली. कारण साधं आहे. दुकानातल्या शंभर गिऱ्हाइकांपेक्षा महापालिकेचं एक कंत्राट कंपनीला जास्त वर नेतं. त्या कंत्राटावर यंत्रं घेता येतात, माणसं ठेवता येतात, बँक कर्ज देते. अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन यांनी 1970 च्या दशकात नव्या विमानतळाच्या कामांत अल्पसंख्याक कंपन्यांना वाटा असलाच पाहिजे असा आग्रह धरला. शहरातले बडे लोक चिडले, पण ते हटले नाहीत. 1980 मध्ये टर्मिनल उभं राहिलं. अटलांटातल्या कृष्णवर्णीय उद्योजकांची एक पिढीच त्यातून घडली.

रिचमंडनेही हे करून पाहिलं. 1983 मध्ये तिथल्या नगर परिषदेने ठरवलं की शहराचं बांधकाम कंत्राट घेणाऱ्याने रकमेच्या किमान 30 टक्के काम अल्पसंख्याक उपकंत्राटदारांना द्यावं. शहरातली निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती आणि आधीच्या पाच वर्षांत मुख्य कंत्राटांपैकी अल्पसंख्याकांना मिळालेला वाटा होता 0.67 टक्के. शहराच्या तुरुंगात नळजोडणीची आणि स्वच्छतागृहांची साधनं बसवण्याच्या कामावरून क्रोसन नावाची ओहायोतली कंपनी कोर्टात गेली. जानेवारी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी रिचमंडचा नियम रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: समाजात सर्वसाधारण भेदभाव झाला एवढं पुरेसं नाही, या शहरात, या धंद्यात नेमका काय भेदभाव झाला याचा पुरावा आणा. तुलनाही लोकसंख्येशी नको, काम करायला पात्र असलेल्या कंपन्यांच्या संख्येशी करा.

यातला पेच लक्षात घ्या. पात्र कंपन्या कमी आहेत, कारण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या कर्ज, कामगार संघटनांचं सभासदत्व आणि कंत्राटं मिळाली नाहीत. मग त्याच कमी संख्येचा दाखला देऊन म्हणायचं की त्यांना कमी कंत्राटं मिळणं स्वाभाविक आहे. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं की गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेची जुनी राजधानी स्वतःहून वंशभेदाच्या परिणामांना भिडते आहे, ही स्वागत करण्याजोगी गोष्ट होती. मला त्यांचंच म्हणणं पटतं.

तो कायदेशीर वाद संपलेला नाही. अटलांटातला फिअरलेस फंड कृष्णवर्णीय उद्योजिकांना 20 हजार डॉलरची मदत देत असे. 2023 मध्ये त्यावर खटला झाला, जून 2024 मध्ये अपील न्यायालयाने मदत थांबवली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती योजना कायमची बंद झाली. खटल्याचा आधार होता 1866 चा नागरी हक्क कायदा. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना गोऱ्यांसारखाच करार करता यावा म्हणून केलेला तो कायदा त्यांच्या पणत्यांना मिळणारी मदत अडवायला वापरला गेला. ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी संबंध दुरून आलेला नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपला ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. आपल्या काळात, 2002 च्या भोपाळ जाहीरनाम्यात दलित विचारवंतांनी सरकारी खरेदीत दलित पुरवठादारांना वाटा मागितला तो अमेरिकेचंच उदाहरण समोर ठेवून. 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली. 2012 च्या केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी 4 टक्के वाटा ठेवण्यात आला. तो प्रत्यक्षात पुरा भरणं हा वेगळा झगडा आहे, आणि रिचमंडची पात्र कंपन्यांची कहाणी त्यात ओळखीची वाटेल.

दुसरा धागा अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा. 1982 मध्ये तिथल्या लघुउद्योग प्रशासनाने भारतीय वंशाच्या उद्योजकांनाही सामाजिकदृष्ट्या वंचित गटांत धरायला सुरुवात केली. तेव्हापासून अनेक भारतीय कंपन्यांना, त्यांत मराठी माणसांच्याही, या कार्यक्रमांतून सरकारी कामं मिळाली. ती वाट खुली केली होती कृष्णवर्णीयांच्या चळवळीने. शिक्षण आणि कौशल्य घेऊन विमानातून उतरलेल्या आपल्या पिढीवर ते ऋण आहे, असं मला मनापासून वाटतं.

मग खरोखर उपयोगी काय पडतं? हौसेने एकदा केलेली खरेदी नव्हे, नियमित खरेदी. 2020 च्या उन्हाळ्यात अनेक छोट्या दुकानांकडे अचानक मागण्यांचा पूर आला. माल वाढवायला कर्ज काढावं, तर पुढच्या वर्षी ती मागणी राहील याची खात्री कुणालाच नव्हती. दर महिन्याला ठरलेली ऑर्डर असली तर तिच्या जोरावर बँक कर्ज देते. ठेवींचंही तसंच. कृष्णवर्णीय मालकीच्या आता मोजक्याच बँका उरल्या आहेत. त्यांतल्या ठेवींना इतर कुठल्याही बँकेइतकंच, खातेदारामागे अडीच लाख डॉलरपर्यंत, सरकारी विम्याचं संरक्षण असतं. मात्र छोटी छोटी हजारो खाती सांभाळायचा खर्च मोठा, म्हणून संस्थांच्या मोठ्या आणि टिकणाऱ्या ठेवींनी जास्त फरक पडतो. नेटफ्लिक्सने 2020 मध्ये आपल्या रोख शिल्लकीच्या 2 टक्के, सुरुवातीला 10 कोटी डॉलरपर्यंत, कृष्णवर्णीय वस्त्यांना कर्ज देणाऱ्या संस्थांकडे वळवायचं ठरवलं, ते यासाठीच महत्त्वाचं.

बांधकामात तर एक अडथळा असा आहे ज्याची बाहेर कुणाला कल्पना नसते: हमीपत्र. सरकारी काम घ्यायचं तर कंत्राटदाराला हमी कंपनीकडून लेखी हमी आणावी लागते, की काम अर्धवट सोडलं तर नुकसान ती भरेल. हमी कंपनी मालकाची मालमत्ता आणि आधी केलेल्या कामांचा आकार बघते. मालमत्ता नाही म्हणून हमी नाही, हमी नाही म्हणून मोठं काम नाही, मोठं काम नाही म्हणून मालमत्ता नाही. यावर उपाय आहेत आणि ते वंशाच्या निकषाला हातही लावत नाहीत, त्यामुळे कोर्टात टिकतात: मोठं कंत्राट छोट्या तुकड्यांत काढणं, छोट्या कंपनीच्या हमीला सरकारी आधार देणं, आणि बिलं वेळेवर चुकती करणं. मुख्य कंत्राटदाराने उपकंत्राटदाराचे पैसे तीन-चार महिने अडकवले, तर ज्याच्याकडे घरची शिल्लक आहे तो तग धरतो; दुसऱ्याला मजुरांचे पगार द्यायला क्रेडिट कार्डवर कर्ज काढावं लागतं. अमेरिकेत कंपनी चालवणाऱ्या मराठी वाचकाच्या हातात निदान ही शेवटची गोष्ट नक्की आहे. आपल्या कृष्णवर्णीय पुरवठादाराचं बिल तीस दिवसांच्या आत चुकतं करणं, आणि पुढची ऑर्डर त्याच्याकडे लेखी पाठवणं.